साखळीतील एक जुने घर

कोकण रेल्वेच्या थिवी स्थानकावर उतरून पूर्वेची वाट धरली म्हणजे समुद्राचा गोवा पाठीमागे राहतो आणि दुसराच गोवा समोर येतो. अस्नोडा ओलांडला, डिचोली मागे पडली की रस्त्याच्या दोहो बाजूंस तांबडी माती, काजूच्या बागा आणि मधूनच खाणींनी उघडे केलेले डोंगर दिसू लागतात. या भागावर पोर्तुगिजांचा अंमल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बसला. म्हणून डिचोली, सत्तरी, पेडणे हे तालुके 'नव्या काबिजादीं'त मोडतात. येथे घरात कोकणी बोलली जाते, परंतु वर्तमानपत्र, पोथी आणि पत्रव्यवहार बहुशः मराठीत चालतो. त्यामुळे वसईहून गेलेल्या माझ्यासारख्या प्रवाशास येथे परकेपणा म्हणून वाटत नाही.

सेमिनरीतील माझे एक जुने सहाध्यायी हल्ली उत्तर गोव्यात सेवा करीत आहेत. "एकदा आमची साखळी पाहून जा," असा त्यांचा पुष्कळ दिवसांचा आग्रह होता. गेल्या वर्षी पावसाळा संपत आला असता तो योग आला. हरवळ्याचा धबधबा आणि तेथील दगडात कोरलेली प्राचीन लेणी पाहावी, नदीकाठी दोन घटका बसावे आणि परतावे, एवढाच माझा बेत होता. पण या प्रवासातून मी जे घेऊन आलो ते धबधब्यापाशी मिळाले नाही. ते एका न्हाणीघराच्या नळापाशी मिळाले. तीच हकीगत आज वाचकांस सांगावयाची आहे.

साखळी हे डिचोली तालुक्यातील वाळवंटी नदीच्या तीरावरचे गाव. नदी सह्याद्रीच्या अंगाने येते आणि पुढे मांडवीला मिळते. काठावरच्या विठ्ठलापुरात विठ्ठलाचे देऊळ आहे. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री तेथे नदीत सजविलेल्या होड्या सोडतात आणि तो सोहळा पाहावयास दूरदूरचे लोक लोटतात. एरवी ही नदी शांत, सात्त्विक दिसते. परंतु श्रावणाच्या आगेमागे डोंगरात पाऊस कोसळला आणि त्याच वेळी भरतीमुळे खालचे पाणी चढलेले असले, म्हणजे वाळवंटीला उतरावयास वाट राहात नाही. मग ती बाजारात शिरते. काठाला भिंत बांधून आणि पाणी उपसून परत नदीत टाकणारे पंप बसवूनही गावकऱ्यांचे एक लक्ष पावसाळाभर नदीकडे असते. जुलै २०२१ मध्ये सत्तरी व डिचोली तालुक्यांत जो पूर आला, तो १९८२ नंतरचा सर्वांत मोठा, असे त्या वेळी मुख्यमंत्र्यांनी सांगितले होते. त्याआधी दोनच महिने, मे महिन्यात, तौक्ते वादळाने साऱ्या गोव्यात झाडे आणि विजेचे खांब आडवे केले होते. एका वर्षात दोन तडाखे!

माझ्या मित्रांच्या ओळखीच्या एका घरी आम्ही दुपारच्या चहास गेलो. घर जुने, चिऱ्याचे. भिंती दोन हात रुंद, आत मातीचा लेप आणि वरून चुना. ओसरीवर लाकडी खांब, आत राजांगण, माथ्यावर मंगळुरी कौले. घरात सत्तरी उलटलेल्या आजी आणि शाळेत जाणारी त्यांची नात एवढीच माणसे त्या वेळी होती. मुलगा व सून नोकरीनिमित्त पणजीस जात आणि सायंकाळी परतत. "हे घर माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी बांधले," आजींनी मोठ्या अभिमानाने सांगितले. "पूर आला, वादळ आले, पण एक चिरा हलला नाही."

बोलता बोलता आजी हात चोळीत होत्या. मी सहज विचारपूस केली. त्या हसून म्हणाल्या, "काही नाही हो फादर, वात आहे. सकाळी न्हाणीघरात नळाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. थंडपाण्याने होते. म्हातारपण, दुसरे काय!"

त्यावर नात चटकन म्हणाली, "आजी, मुंग्या मलाही येतात की!"

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहात राहिलो. सत्तर वर्षांच्या आजींना वात असेल. पण दहा वर्षांच्या मुलीला वात कोठून येणार? माझ्या मित्रांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि गावातील वायरमनला निरोप पाठविला.

वायरमन अर्ध्या तासात आले. साठीच्या घरातले, सरकारी परवाना असलेले, मितभाषी गृहस्थ. सारे त्यांना नुसते 'बाब' म्हणत. त्यांनी प्रथम कोणासही न्हाणीघराकडे जाऊ दिले नाही. खिशातून टेस्टर काढून नळाच्या पितळी तोटीला लावला. टेस्टरातील दिवा पेटला. मंद, पण पेटला. पाण्याच्या तोटीवर विजेचा दिवा! आजींनी तोंडावर पदर धरला. बाबांनी काही न बोलता मेन स्विच बंद केला आणि मग ओट्यावर बसून घराचा इतिहास विचारावयास प्रारंभ केला. डॉक्टर रोग्याला विचारतो, तसा.

इतिहास असा निघाला. या घरात वीज आली ती गोवामुक्तीनंतर, म्हणजे १९६१ नंतरच्या काळात. त्या वेळी भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून रबराचे वेष्टन असलेल्या तारा नेल्या. पाच-सहा दिवे, पुढे एक पंखा आणि एक रेडिओ, एवढाच संसार. त्या ताराच पुढे ठिकठिकाणी जोडून वाढविल्या. त्यांतील काही ॲल्युमिनियमच्या, कारण एके काळी आपल्या देशात तांब्याची टंचाई असल्याने घरोघर त्याच वापरीत. मग फ्रीज आला, मिक्सर आला, कपडे धुण्याचे यंत्र आले, विहिरीवर पंप आला आणि न्हाणीघरात पाणी तापविणारा गीझर आला. घर दीडशे वर्षांचे, तारा जेमतेम साठ वर्षांच्या. "फादर," बाब म्हणाले, "या घरात सगळ्यांत तरुण वस्तू ही वायर होती, आणि म्हातारी आधी तीच झाली."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. आपण जुन्या घराची चौकशी करताना वासे पाहतो, वाळवी पाहतो, भिंतीची फुगी पाहतो. तारेकडे कोणी पाहात नाही. चिऱ्याला शंभर वर्षे म्हणजे काहीच नाही. पण रबर वीस-पंचवीस वर्षांत कडक होते, त्याला भेगा पडतात, बोट लावताच भुगा गळतो. पुढे आलेले पीव्हीसीचे वेष्टनही सतत तापले की ठिसूळ होते. शिवाय साठ वॅटचा दिवा पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, तर दोन हजार वॅटचा गीझर जवळजवळ नऊ अँपिअर. दिव्यासाठी घातलेल्या बारीक तारेवर गीझर लावणे म्हणजे वासराला गाड्याला जुंपणे होय.

परंतु तोटीवर वीज आली कशी, हे कोडे अजून सुटले नव्हते. बाबांनी गीझरपासून निघालेली अर्थिंगची तार हाताने चाचपत नेली. ती न्हाणीघरातील लोखंडी पाइपाला पट्टीने घट्ट बांधलेली होती. पूर्वी सर्वत्र असेच करीत. कारण पाण्याचा लोखंडी पाइप घरातून निघून लांबवर जमिनीत पुरलेला असे, आणि चुकून बाहेर आलेली वीज त्या वाटेने मुकाट्याने भूमीत उतरे. बाब भिंतीपलीकडे गेले आणि तेथूनच त्यांनी आम्हांस हाक मारली. भिंतीबाहेर पाइप प्लास्टिकचा होता! २०२१ च्या पुरानंतर गंजलेला जुना पाइप काढून प्लंबरने नवा, स्वच्छ, न गंजणारा प्लास्टिकचा पाइप घातला होता. काम चोख केले होते. पाणी पूर्वीपेक्षा जोराने येई. फक्त त्या दिवसापासून या घराला अर्थिंग उरले नव्हते, आणि ते कोणाच्याच ध्यानी आले नव्हते.

पुढचे सोपे होते. गीझरच्या आतील तापणाऱ्या कांडीला कालांतराने चीर पडली होती. तेथून थोडी वीज पाण्यात व पत्र्यात झिरपत होती. पूर्वी ती जमिनीत गेली असती. आता तिला वाट राहिली नव्हती, म्हणून ती गीझरच्या अंगावर, पाइपाच्या तुकड्यावर आणि तोटीवर वाट पाहात बसली होती. आजींचा हात लागला की त्यांच्या देहावाटे थोडीशी भूमीत उतरे. आजी घरातही रबरी चपला घालीत आणि फरशी बहुधा कोरडी असे, म्हणून मुंग्यांवर भागले. ज्या दिवशी चपला नसत्या आणि फरशीवर पाणी असते, त्या दिवशी काय झाले असते, ते कोणी बोलून दाखविले नाही. नातीला आजींनी जवळ ओढून घेतले, इतकेच.

मी बाबांना विचारले, "पण फ्यूज का गेला नाही? तो तर यासाठीच असतो ना?"

"फ्यूज घर राखतो, फादर. माणूस राखत नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी मला जो हिशेब सांगितला तो मी वाचकांपुढे मांडतो, कारण आपल्यापैकी शेकडा नव्वद लोक माझ्याप्रमाणेच फ्यूजच्या भरवशावर निश्चिंत झोपतात.

आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची. मनुष्याचे अंग कोरडे असता त्याचा विरोध पुष्कळ असतो. परंतु ओल्या अंगाचा विरोध सुमारे एक हजार ओमपर्यंत उतरतो. २३० ला हजाराने भागले असता ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर, एवढा प्रवाह देहातून जाऊ शकतो. आता माणसाला सोसवते किती? एक मिलिअँपिअरच्या आसपास मुंग्या जाणवतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून पाहिले की, पकडलेली तार आपण होऊन सोडता येईल अशी मर्यादा पुरुषांत सरासरी सुमारे १६ व स्त्रियांत सुमारे साडेदहा मिलिअँपिअर असते. त्यापुढे हाताचे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. तीस मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह काही काळ चालू राहिला तर हृदयाची लय बिघडण्याचे भय सुरू होते. आणि आपला लहानातला लहान फ्यूज? पाच अँपिअरचा. म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर! मनुष्याचा जीव जाण्यास जेवढा प्रवाह पुरेसा, त्याची फ्यूजला जाणीवही होत नाही. त्यातही आपल्याकडे फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणारे शहाणे प्रत्येक गावात आहेत. मग तो घरही राखत नाही.

माणूस राखणारे साधन निराळे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने लोक ईएलसीबीही म्हणतात. प्रा. डॅल्झील यांनी अमेरिकेत अशा प्रकारचे घरगुती साधन सिद्ध केले ते १९६१ साली. गोवा मुक्त झाला ते हेच वर्ष. या साधनाची युक्ती एखाद्या दक्ष हिशेबनिसासारखी आहे. घरात एका तारेने जेवढी वीज जाते तेवढीच दुसऱ्या तारेने परत आली पाहिजे. गेलेली आणि आलेली जुळली तर ते स्वस्थ असते. तीस मिलिअँपिअरची तूट दिसली की ती वीज कोणाच्या तरी देहातून किंवा ओल्या भिंतीतून भूमीत जात आहे, असे धरून ते निमिषार्धात पुरवठा तोडते. विचारीत बसत नाही. मात्र हेही सांगितले पाहिजे की, कोणी दोन्ही हातांनी दोन्ही तारा एकदम धरल्या तर या हिशेबनिसाला तूट दिसत नाही. आणि तारेवर भार जास्त झाला तर तो पाहणेही त्याचे काम नव्हे. त्यासाठी एमसीबी वेगळा लागतो. दोघे जोडीने हवेत.

"मग अर्थिंगची गरजच काय?" मी विचारले. बाब म्हणाले, "अर्थिंग असले तर यंत्र बिघडताच स्विच पडतो. अर्थिंग नसले तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत तो वाट पाहतो." यावर आणखी भाष्य नको.

त्या रात्री त्या घरात गीझरची वायर काढून ठेवण्यात आली आणि आजींनी चुलीवर पाणी तापविले. दुसऱ्या दिवशी मी परतावयाचा होतो. परंतु काम पाहावे म्हणून तीन दिवस राहिलो. ते काम कसे झाले, हे मुद्दाम सांगतो. कारण 'जुन्या घराला वायरिंग करावयाचे तर भिंती फोडाव्या लागतील' या भयाने कित्येक घरे तशीच राहतात.

बाबांनी एकही भिंत फोडली नाही. "मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीला खाचा मारू नयेत; भिंत ढिली होते आणि ओल आत शिरते," असे ते म्हणाले. त्यांनी सर्व तारा पीव्हीसीच्या नळ्यांतून, तुळयांच्या कडेने, भिंतीवरूनच नेल्या. आणि जेथे कौलांतून गळते त्या जागा आजींना विचारून टाळल्या. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची, मोठ्या प्लगांसाठी अडीचची आणि गीझरसाठी चारची तांब्याची तार, अशी विभागणी केली. प्रत्येक शाखेला स्वतंत्र एमसीबी. सांधे लटकत्या तारेत न ठेवता बंद डब्यांत घेतले. मेन बोर्ड पूर्वी ओसरीच्या कोपऱ्यात कमरेइतक्या उंचीवर होता. २०२१ च्या पुराची रेघ भिंतीवर अद्याप दिसत होती. ती बोर्डाच्या जवळ जाऊन थांबली होती. नवा बोर्ड त्या रेघेच्या पुष्कळ वर लावला. खालचे प्लगही वर उचलले.

परसात अर्थिंगसाठी खड्डा खणला. जांभ्याची जमीन पावसात ओली, पण चैत्र-वैशाखात ठणठणीत कोरडी, आणि कोरडा जांभा विजेला सहज वाट देत नाही. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला सुमारे अडीच मीटरचा लोखंडी पाइप उभा पुरून भोवती कोळसा व मीठ घातले, वर पाणी ओतण्यास तोंड ठेवले. येथे बाबांनी आणखी एक हिशेब सांगितला. समजा, उन्हाळ्यात त्या अर्थिंगचा विरोध पन्नास ओम झाला. तर बिघडलेल्या यंत्रातून जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअरच्या थोडा वर. पंधरा अँपिअरचा फ्यूज याने कधीच जाणार नाही आणि यंत्राचा पत्रा जिवंत राहील. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र तत्काळ पडेल. आमच्या लाल मातीच्या मुलखात हे दोन्ही एकमेकांवाचून अपुरे, हे तेव्हा मला पटले.

एक गोष्ट गमतीची झाली. पहिल्या दिवशी नवा आरसीसीबी जुन्या तारांवर जोडून पाहिला, तेव्हा तो राहीचना. वर केला की खाली पडे. शेजारचा एक तरुण म्हणाला, "स्विच खराब आला. काढून थेट जोडा." बाबांनी त्याच्याकडे रोखून पाहिले आणि एकेक शाखा सोडवीत गेले. चौथी शाखा सोडली तेव्हा स्विच राहिला. माळ्यावर जाऊन पाहतात तो फुटक्या कौलाखाली एक उघडा सांधा, त्यावर गुंडाळलेली चिकटपट्टी सुटलेली, आणि सभोवती लाकूड भिजून काळे पडलेले. आणखी काही महिन्यांनी तेथे काय पेटले असते? खराब स्विच नव्हता, घर होते. पुष्कळ घरांत पावसाळ्यात हा स्विच पडतो म्हणून कंटाळून लोक त्याला वगळून थेट जोडणी करतात. कुत्रा रात्री भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखेच हे आहे.

काम संपल्यावर बाबांनी मेगर लावून साऱ्या घराची तपासणी केली. तारांच्या वेष्टनाचा विरोध निदान एक मेगओम भरला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. मग त्यांनी नातीला बोलाविले. आरसीसीबीवर 'टी' अक्षराचे एक लहान बटण असते ते दाखवून म्हणाले, "बाय, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे दाबायचे. स्विच पडला तर पुन्हा वर करायचा. पडला नाही, तर लगेच मला निरोप द्यायचा. हे काम तुझे." मुलीने दाबले, घर क्षणभर अंधारले. तिने स्विच वर केला, दिवे आले. आजींनी नळ सोडून तोटीला हात लावला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "वात गेला!" आम्ही सारे हसलो. आजींचे डोळे मात्र पाणावले होते.

परतीच्या प्रवासात माझ्या मनात आमची वसई होती. साखळी तर समुद्रापासून आत आहे. तेथे पाऊस आणि नदी यांचेच काय ते भय. आमची गावे वाऱ्याच्या तोंडावर बसलेली. पेडण्याच्या मोरजी, मांद्रे, हरमल, केरीच्या किनाऱ्यावर जसा खारा वारा घरात शिरतो, तसाच आमच्याकडे. मिठाचा सूक्ष्म थर स्विचवर, प्लगवर, बोर्डात बसतो, हवेतील ओल शोषून घेतो आणि पितळी पट्ट्यांवर हिरवट गंज चढवितो. गंजलेला सांधा सैल होतो, सैल सांधा तापतो, तापलेला सांधा वेष्टन जाळतो. तांबे आणि ॲल्युमिनियम जेथे एकत्र पिळलेले असतात तेथे हे अधिकच लवकर घडते. प्लग गरम लागणे, स्विचमधून तडतड ऐकू येणे, भिंतीवर तपकिरी डाग उमटणे, जळकट वास येणे, या साऱ्या घराने दिलेल्या हाका आहेत. आणि पाणी? जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी तुंबून वीज बंद पडली होती, ते दिवस आपण कोणीच विसरलेलो नाही.

घरी येताच मी प्रथम धर्मगृहाचा बोर्ड उघडला. आरसीसीबी होता. बटण दाबले. पडला नाही. पुन्हा दाबले. पडला नाही. कित्येक वर्षे मी त्याच्या भरवशावर ओल्या अंगाने गीझरचे बटण दाबीत होतो, आणि रखवालदार केव्हाच मरून पडला होता! मागच्या दारातील पाइप पाहिला. तो प्लास्टिकचा. तो बदलण्याची परवानगी मीच दिली होती. साखळीच्या आजींना भोळे म्हणण्याचा अधिकार मला उरला नाही. आठ दिवसांत सारे नवे करून घेतले आणि मगच हे लिहावयास बसलो.

वाचक बंधुभगिनींनो, मीटरपर्यंतची वीज खात्याची, मीटरच्या पुढची आपली. तेथून पुढे जे घडेल त्याची जबाबदारी घरधन्याची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम आहेत, वायरिंग परवानाधारकाकडूनच करून घ्यावे असा दंडक आहे. परंतु नियम आपल्या न्हाणीघरात येऊन टेस्टर लावीत नाहीत. म्हणून या आठवड्यात एवढे करा. बोर्डावर आरसीसीबी आहे का पाहा. असल्यास बटण दाबा. अर्थिंगची तार कोठे बांधली आहे आणि तेथून पुढे खरोखर जमिनीपर्यंत लोखंड किंवा तांबे आहे का, हे शोधा. गीझर, पंप, फ्रीज व कपड्यांचे यंत्र यांना तीन पिनांचाच प्लग ठेवा. तिसरी पिन तोडू नका. फ्यूजमध्ये जाड तार असेल तर ती आजच काढवा. नाताळचा तारा आणि गोठ्याची रोषणाई बाहेर लावताना उघडे सांधे पावसात किंवा दवात राहू देऊ नका. आमच्याकडची मुले हौसेने तारा जोडतात आणि मोठी माणसे कौतुकाने पाहात राहतात.

पाणी घरात शिरण्याचा रंग दिसला तर सामान उचलण्याआधी, स्वतः कोरड्या जागी असतानाच, मेन स्विच बंद करा. पाण्यात उभे राहून तो बंद करावयास जाऊ नका. पूर ओसरल्यावर वायरमनने तपासल्याखेरीज वीज सुरू करू नका. रस्त्यावर तुटलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असे कधीही धरू नका. दूर राहा, इतरांना दूर ठेवा आणि वीज कार्यालयाला कळवा. घरात कोणाला विजेने धरले तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून अलग करा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्यास लागा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

आणि घरातील म्हातारे माणूस किंवा लहान मूल 'नळाला मुंग्या येतात' असे म्हणाले, तर त्याला वात, थंडी, भास असे नाव देऊन गप्प करू नका. मुले आणि वृद्ध यांचे बोलणे आपण अर्धवट ऐकतो. साखळीच्या त्या घरात आजी कित्येक महिने खरे तेच सांगत होत्या. ऐकणारे कोणी नव्हते.

निघताना मी आजींचा निरोप घेतला तेव्हा त्या ओसरीवर उभ्या होत्या. वर नवा बोर्ड, खाली पुराची जुनी रेघ. "रेघ पुसू नका हं," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "नाही पुसत, फादर. तेवढे आठवायला असू दे." वाळवंटी त्या दिवशी अगदी संथ वाहात होती. पलीकडून देवळातील घंटेचा आवाज येत होता. आतून नात ओरडून विचारीत होती, "आजी, पहिला रविवार अजून किती दिवसांनी?"